नवी नोकरी, मोठं माप: ऑफिसचे कपडे बसून निवडा

प्रश्न थोडक्यात असा. पंधरा दिवसांत नव्या ऑफिसात रुजू व्हायचंय. आजवर काम घरून होतं, त्यामुळे लेगिंग आणि सैल टॉपवर भागलं. आता नेमणुकीच्या पत्रात 'बिझनेस कॅज्युअल', म्हणजे ना कडक फॉर्मल ना घरगुती, असं लिहिलंय. माप डबल एक्सएल आणि थ्री एक्सएलच्या मध्ये कुठेतरी आहे. शर्ट छातीवर बसला की खांद्यावरून ओघळतो, पँट मांडीत बसली की कमरेत मागे फट पडते. पैसे मोजकेच आहेत. काय घ्यावं, आणि घेताना काय बघावं?

मी बरीच वर्षं पॅटर्न कटिंग आणि फिटिंगचं काम करते, त्यातही मोठ्या मापांचं जास्त. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ एकच असतं: कपडा उभं राहून निवडलेला असतो आणि वापरायचा असतो बसून. ट्रायल रूममध्ये आपण आरशासमोर ताठ उभे राहतो, नकळत पोट आत घेतो, 'बरं दिसतंय' म्हणतो आणि बिल करतो. ऑफिसात मात्र दिवसाचे सात-आठ तास खुर्चीत जातात. बसल्यावर सीटचा, म्हणजे नितंबांचा, घेर वाढतो. भरलेल्या अंगाला चार-पाच सेंटिमीटर वाढणं अगदी सर्वसाधारण आहे. पोट पुढे येतं, कमरेचा पट्टा मागून खाली ओढला जातो, छातीच्या बटणांवर ताण येतो, मांडीवर कापड चढतं. तेव्हा खाली जे काही सांगते आहे ते सगळं खुर्चीत बसून तपासायचं. ट्रायल रूममध्ये स्टूल नसेल तर बाहेरून मागून घ्या. लाजू नका, दुकानदार देतात.

आधी लेबलवरच्या आकड्यावरचा विश्वास सोडा. साइझची ही भानगड जुनी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापं घेतली आणि १९४१ मध्ये ती छापली. त्या मापांच्या आधारावर १९५८ मध्ये तिथे बायकांच्या रेडिमेड कपड्यांचं मानक आलं, ते कंपन्यांना काही पटलं नाही आणि १९८३ मध्ये मागे घेतलं गेलं. तेव्हापासून ज्याचा त्याचा साइझ चार्ट. आयएसओ ८५५९-१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण ते शरीराचं माप कुठे आणि कसं घ्यायचं एवढंच सांगतं. एखाद्या ब्रँडचा थ्री एक्सएल किती घेराचा असावा, हे त्यात नाही. म्हणून डबल आणि थ्री एक्सएलच्या 'मधलं' असं तुमचं काही माप नसतंच. प्रत्येक ब्रँडमध्ये तुम्ही वेगळ्या ठिकाणी असता.

आता तुमच्या खांद्याचं कोडं. कंपनी साधारण एका मधल्या मापाचा नमुना पक्का करते आणि मग प्रत्येक साइझला ठरलेले सेंटिमीटर वाढवत नेते. कागदावर सगळंच वाढतं: घेर, खांदा, गळा, बाहीची लांबी. माणसाचं अंग तसं वाढत नाही. वजन वाढलं की छाती, पोट, दंड, मांड्या भरतात; खांद्याचं हाड तेवढं रुंद होत नाही आणि हात तर लांब होतच नाहीत. परिणाम तुम्हाला ठाऊक आहे: खांद्याची शिवण दंडावर, बाही बोटांपर्यंत, आणि दंडात मात्र तीच बाही घट्ट. ज्या ब्रँडने मोठ्या मापांसाठी पॅटर्न वेगळा काढलाय, त्यांच्या कपड्यात हे कमी होतं. ओळखायचं कसं? साइझ चार्टमध्ये दंडघेर दिलेला असतो, शर्टाला छातीचे डार्ट (आकार देण्यासाठी शिवलेल्या टोकदार चिमट्या) किंवा प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणी) असतो, आणि फोटोतली मॉडेल खरोखर त्या मापाची असते. यातलं एकही नसेल तर तो बहुधा लहान शर्टच फुगवलेला आहे असं समजा.

मापं घेताना ऑफिसला जी ब्रा घालणार तीच घाला. ब्रा बदलली की छातीचा सर्वांत भरलेला भाग दोन-तीन सेंटिमीटर वरखाली होतो आणि शर्टाचे डार्ट भलत्याच जागी येतात. जुनी, सैल पट्ट्यांची असेल तर कपड्यांच्या आधी तिच्यावर पैसे खर्च करा. मग ही मापं लिहून ठेवा: काखेखालून वरची छाती, छातीचा भरलेला घेर, कंबर, नाभीखाली पोट सर्वांत पुढे येतं तिथला घेर, सीट उभं राहून, सीट बसून, दंड, मांडी. आणि आसन, म्हणजे कडक खुर्चीवर ताठ बसून कमरेपासून खुर्चीच्या पाटापर्यंतचं अंतर, बाजूने. ऑनलाइन घेणार असाल तर याहून सोपा उपाय आहे. तुमच्याकडे नीट बसणारी एक पँट आणि एक शर्ट असेलच. ते टेबलावर सपाट पसरून मोजा आणि 'कपड्याचं माप' म्हणून दिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. 'शरीराचं माप' आणि 'कपड्याचं माप' हे दोन वेगळे तक्ते असतात. कोणता दिलाय ते वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

किती ढील, म्हणजे अंगाच्या मापापेक्षा जास्तीची जागा, हवी? न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टाला छातीवर आठ-दहा सेंटिमीटर. पँटला सीटवर, बसून घेतलेल्या मापापेक्षा एक-दोन सेंटिमीटर जास्त. दंडाला चार-पाच. कापडात इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, असेल तर याहून कमी चालतं, पण अगदीच शून्यावर येऊ नका. अंगाला चिकटलेलं कापड प्रत्येक शिवण दाखवतं आणि लवकर फाटतं.

शर्टाबद्दल जरा जास्त बोलते, कारण सगळ्यात जास्त वैताग तोच देतो. बटणांमधली फट. वरची छाती आणि भरलेली छाती यांत जितका फरक जास्त, तितकी ही फट हमखास. शिवणकामाचे अनेक तयार पॅटर्न हा फरक पाच सेंटिमीटरच्या आसपास धरतात. भरलेल्या छातीच्या बाईला तो दहा-बाराही असतो. मग ती एक साइझ मोठा घेते, फट जाते, आणि खांदा घसरतो. तुमचं नेमकं हेच झालंय.

शर्ट घालून बसा, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवल्यासारखी पुढे आणा आणि आरशात बाजूने बघा. बटणं समोरून जुळलेली दिसतात, फट बाजूनेच दिसते. एक बटण बरोब्बर छातीच्या टोकांच्या रेषेत यायला हवं. ते त्या रेषेच्या वर किंवा खाली असेल तर मधली जागा उघडणारच, कितीही सैल शर्ट घ्या. थोडीशीच फट असेल तर आतून एक टिचबटण लावून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. शर्ट डोक्यावरून घालता-काढता येत असेल तर मी सरळ वरची दोन बटणं सोडून बाकीची पट्टी आतून टीप मारून बंद करते. काजं-बटणं वरून दिसतात, उघडत कधीच नाहीत. बटणाच्या दोन्ही बाजूंनी आडव्या सुरकुत्या फुटत असतील तर मात्र टिचबटणाने भागायचं नाही, तिथे घेरच कमी आहे.

डार्टचं टोक छातीच्या टोकापासून दोन-तीन सेंटिमीटर अलीकडे संपावं. वर गेलं तर खाली पिशवीसारखा झोळ येतो. सरळसोट, बिनडार्टचा शर्ट भरलेल्या छातीवर तंबूसारखा पुढे लोंबतो आणि पोट आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. प्रिन्सेस कटचा शर्ट मिळाला तर सोडू नका. त्याच्या उभ्या शिवणी उसवून छातीत, कमरेत वेगवेगळं कमीजास्त करता येतं.

आणि खरं सांगू? बटणांचा शर्ट घातलाच पाहिजे असं आता फार थोड्या ऑफिसांत असतं. जाडसर निटचा व्ही गळ्याचा टॉप, अर्ध्या पट्टीचा शर्ट, किंवा क्रेपचा साधा बिनबटणांचा टॉप तितकाच नीटस दिसतो आणि दिवसभर सावरावा लागत नाही. रॅप टॉप घेतलात तर गळ्याच्या क्रॉसवर एक टिचबटण हवंच. वाकल्यावर काय होतं ते घरी बघा, मीटिंगमध्ये नको. आखूड बाही दंडाच्या सर्वांत जाड जागी संपू नये. चार बोटं खाली उतरली की तोच हात वेगळा दिसतो.

आता पँट. फिटिंगमध्ये सुरकुत्या वाचता आल्या की अर्धं काम झालं. आडव्या सुरकुत्या म्हणजे तिथे तंग आहे. उभ्या घड्या म्हणजे तिथे जास्त कापड आहे. तिरक्या सुरकुत्या ज्या जागेकडे जातात, ती जागा कापड मागते आहे. समोर आसनापासून मांड्यांकडे पसरणाऱ्या रेषा दिसल्या तर मांडीचा घेर किंवा आसन कमी. खिसे कानासारखे बाहेर उघडत असतील तर सीटवर तंग. खिसे शिवून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे, मोठी साइझ हा उपाय.

कमरेत मागे पडणाऱ्या फटीची दोन कारणं असतात आणि त्यांत गल्लत करू नका. उभं असतानाही फट आहे, तर कंबर सीटच्या मानाने बारीक आहे. हे दुरुस्त होतं. मागच्या मधल्या शिवणीत किंवा दोन डार्ट घालून टेलर सहज दाबून देतो. नाहीतर पट्ट्याच्या फक्त मागच्या भागात आतून इलॅस्टिक घालून घ्या, समोरून ते दिसतही नाही. पण उभं असताना ठीक आणि बसलं की पट्टा खाली सरकून पाठ उघडी पडते, तर मागचं आसनच आखूड आहे. ते वाढवायला कापड कुठून आणणार? अशी पँट कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा. बेल्ट बांधून ती वर राहत नाही, पोटात तेवढा रुततो.

पोट पुढे असणाऱ्यांना पट्टा कुठे बसवायचा हे आधी ठरवावं लागतं: पोटावर, नाभीपाशी, की पोटाखाली. पोटाखाली बसवलेली पँट दिवसभर वर ओढावी लागते, हे मी रोज बघते. नाभीपाशी बसणारा, समोर सपाट आणि मागे लपवलेल्या इलॅस्टिकचा रुंद पट्टा बहुतेकींना मानवतो. पाय मांडीच्या सर्वांत रुंद जागेपासून सरळ खाली उतरणारा घ्या. घोट्याशी निमुळत्या पँटवर माझा राग नाही, पण तिला मांडीत कापड भरपूर लागतं आणि रेडिमेडमध्ये नेमकं तिथेच ते कमी असतं.

कापडाकडे दुर्लक्ष करू नका. पँटसाठी साधारण २२० ते ३०० जीएसएमचं (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कापड चांगलं पडतं. फार हलकं घेतलं तर आतल्या खिशांचे आकार बाहेरून दिसतात. ट्विल विणीचं, दोन-तीन टक्के इलॅस्टेन असलेलं सुती किंवा मिश्र कापड, नाहीतर पोंटे, म्हणजे जाडसर, घट्ट विणीचं निट. ताणणारं कापड निवडताना ते मूठभर धरून आडवं ताणा, दहा मोजा, सोडा. लगेच मूळ जागी आलं तर घ्या. लाटा राहिल्या तर दुपारपर्यंत गुडघ्याला आणि सीटला झोळ येणार.

मांड्या घासून पँट आतून विरते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि दुकानात कुणी बोलत नाही. शुद्ध सुती आणि व्हिस्कोस लवकर विरतात. थोडं नायलॉन किंवा पॉलिएस्टर मिसळलेलं ट्विल जास्त टिकतं. नवी पँट घालण्याआधीच आतल्या बाजूने, आसनाच्या खाली मांडीला, त्याच रंगाच्या मऊ पातळ कापडाचं ठिगळ लावून घ्या. विरल्यावर लावलेलं ठिगळ टिकत नाही, कारण टीप धरायला खालचं कापडच उरलेलं नसतं. एकच पँट रोज घालण्यापेक्षा दोन आलटून पालटून घाला. धुताना उलटी करा आणि गरम ड्रायरपासून दूर ठेवा, उष्णतेने इलॅस्टेन मरतं. स्कर्ट किंवा ड्रेस घालणार असाल तर आत गुडघ्याच्या वर येणारी पातळ, बिनशिवणीची शॉर्ट घाला. मांड्या सोलवटत नाहीत आणि स्कर्ट अंगाला चिकटत नाही. ड्रेसला अस्तर असेल तर ते व्हिस्कोस किंवा क्युप्रोचं (व्हिस्कोससारखंच एक मऊ कापड) आहे का बघा, पॉलिएस्टरच्या अस्तरात उकडतं.

ब्लेझर पहिल्या पंधरवड्यात घेऊ नका, असं माझं मत. रुजू व्हा, बाकीचे काय घालतात बघा, मग ठरवा. तोपर्यंत गडद रंगाचा, अंगाला धरणारा निट कार्डिगन पुरतो. घ्यायची वेळ आली तर खांदा आधी. खांदा आणि मुंढा (बाही जोडतात तो गोल) नंतर सुधारणं म्हणजे जवळजवळ नवा ब्लेझर शिवणं, आणि तेवढी मजुरी देण्यात अर्थ नाही. बाकी कंबर दाबता येते, बाही आखूड होते. भरलेल्या दंडाला निट किंवा पोंटेचा, आत कडक कॅनव्हास नसलेला ब्लेझर सोयीचा. बटण उघडंच ठेवणार असलात तरी ते लागतं का बघा. न लागणारा ब्लेझर पाठीवरही तंग असतो आणि हात पुढे केला की कळतं. मागे एक किंवा दोन चिरा असाव्यात, नाहीतर बसल्यावर तो सगळा वर चढून मानेशी गोळा होतो.

टेलरकडून काय होईल आणि काय नाही, हे खरेदीआधीच माहीत असावं. सैल करून घेण्याच्या भरवशावर घट्ट कपडा कधी घेऊ नका. रेडिमेडच्या शिवणीत जेमतेम एक-दीड सेंटिमीटर माया, म्हणजे आत सोडलेलं जास्तीचं कापड, असते, उसवून हाती काही लागत नाही. पुरुषांच्या फॉर्मल पँटला मागच्या शिवणीत थोडी जास्त माया सोडलेली असते, एवढाच काय तो अपवाद. उलट दाबणं सोपं. म्हणून तुमच्या सर्वांत भरलेल्या जागेला साइझ घ्यायची आणि बाकीचं टेलरकडे द्यायचं. दुरुस्तीचे पैसे कपड्याच्या किमतीत आधीच धरा. चार कपड्यांऐवजी तीन येतील, पण तिन्ही वापरात राहतील.

हे वाचणाऱ्या पुरुषांसाठी थोडंसं. शर्ट कॉलरच्या मापाने घेतला की पोटावर तंग होतो आणि पोटाच्या मापाने घेतला की कॉलर सैल. दुसरं निवडा, वरचं बटण लावायचं नसेल तर कॉलर कुणी बघत नाही, आणि टाय लावायचा असेल तर ते बटण थोडं सरकवता येतं. नेहमीच्या सुटात छाती आणि कंबर यांत १५ सेंटिमीटर, म्हणजे ६ इंचांचा फरक धरलेला असतो. पोट असलेल्याला तो सूट जोडीने बसणं कठीण, म्हणून कोट आणि पँट सुटे घ्या. पँट पोटाच्या वर बसवायची असेल तर बेल्टपेक्षा गॅलिस बरे.

रंगांवर फार वेळ घालवू नका. 'काळं घाला, बारीक दिसाल' हा सल्ला मी देत नाही. नीट न बसलेला काळा कपडा नीट न बसलेलाच दिसतो, शिवाय मांडीला तो आधी पांढुरका पडतो. पँटसाठी नेव्ही आणि करडा असे दोन रंग धरा, वरचं काहीही त्यावर जाईल. रेघांचा शर्ट घेतलात तर छातीच्या डार्टवर रेघा किती मोडतात तेवढं बघा.

पहिल्या आठवड्यापुरत्या दोन पँट आणि चार टॉप पुरे. एचआरला मेल करून सरळ विचारा: जीन्स चालते का, स्नीकर्स चालतात का, बाह्या नसलेला टॉप चालतो का. 'बिझनेस कॅज्युअल'चा अर्थ प्रत्येक ऑफिसात वेगळा असतो आणि असं विचारलेलं कुणाला खटकत नाही. उरलेले पैसे महिनाभर राखून ठेवा.

घरी आणल्यावर टॅग न काढता, ऑफिसचे बूट घालून, तासभर टेबल-खुर्चीवर काम करत बसा. जेवूनही बसा, रिकाम्या पोटी सगळंच बसतं. खाली पडलेलं पेन उचला, वरच्या फडताळातली फाईल काढल्यासारखा हात वर न्या, दोन जिने चढा, खांद्याला रोजची बॅग अडकवा. मग कपडे काढून कंबर, काखा आणि दंड बघा. हलका वळ उठून पाच मिनिटांत गेला तर ठीक. लालसर खोल वळ बराच वेळ राहिला तर तो कपडा परत करा, एक साइझ वरची मागवा आणि जिथे सैल होईल तिथे टाचण्या लावूनच टेलरकडे न्या. तिथेही खुर्ची मागा आणि बसून माप द्या.